वर्गातून निघालेला बँड

गेल्या महिन्यात नववीतल्या एका मुलाचे अब्बा स्टाफरूममध्ये आले. हातात मुलाचा मोबाइल. "सर, हा रात्री एक-एक वाजेपर्यंत यावर ठेके जोडत बसतो. गाणं नाही, बोल नाहीत, नुसती धडधड. तुमचं ऐकतो तो, तुम्हीच सांगा त्याला." मी इअरफोन कानाला लावला. कुठून तरी उचललेला ढोलकीचा तुकडा, त्याच्याखाली जाडजूड बास आणि मधेच गल्लीतल्या भाजीवाल्याची हाक, तीही दोनदा, तीनदा घुमवलेली. मला ते आवडले. पण बापासमोर तसे म्हणायची हिंमत झाली नाही. "बोलतो मी त्याच्याशी," एवढेच म्हणालो.

त्या दिवशी घरी जाताना एशियन डब फाउंडेशन आठवत राहिले. बी.एड.ला असताना होस्टेलवर माझ्या खोलीत रत्नागिरीकडचा एक मित्र होता. त्याचा मामेभाऊ इंग्लंडला. तिकडून येणाऱ्या पार्सलात चॉकलेटे, सेंटच्या बाटल्या आणि कॅसेटी असत. त्यातल्या एका कॅसेटीवर हे नाव होते. आम्हाला 'डब' म्हणजे दाक्षिणात्य सिनेमा हिंदीत करतात ते, एवढेच ठाऊक. पहिल्यांदा ऐकले तेव्हा टेपरेकॉर्डरचा वेग बिघडला असे वाटून आम्ही कॅसेट बाहेर काढून पेन्सिलीने गुंडाळली होती.

या बँडविषयी जे काही लिहिले जाते त्यात 'बंडखोर', 'राजकीय', 'वर्णद्वेषविरोधी' ही विशेषणे ठरलेली असतात. ती खोटी नाहीत. पण माझ्यासारख्या शिक्षकाला त्यांची कारकीर्द वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची वाटते. हा बँड एका वर्गातून निघाला. त्याचे बंड नंतरचे, आधी शिकवणे होते. आणि मला तर असे वाटते की शिकवणे नीट झाले म्हणूनच बंडाला अर्थ आला.

साल १९९३, ठिकाण लंडन. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचा बसथांब्यावर गोऱ्या टोळक्याने खून केला. सप्टेंबरमध्ये पूर्व लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स भागात, जिथे बांगलादेशी मुसलमानांची मोठी वस्ती आहे, ब्रिटिश नॅशनल पार्टी या उघड वंशवादी पक्षाचा नगरसेवक पोटनिवडणुकीत निवडून आला. बंगाली मुलांनी कोणत्या रस्त्याने जायचे आणि कोणता टाळायचा हे आईबाप ठरवत होते. त्याच उन्हाळ्यात फॅरिंग्डन भागातल्या 'कम्युनिटी म्युझिक' या संस्थेत आशियाई मुलांसाठी संगीत-तंत्रज्ञानाची कार्यशाळा झाली. शिकवायला अनिरुद्ध दास. मदतीला जॉन पंडित, जो नागरी हक्कांचे काम करायचा आणि डीजेही होता. समोर बसलेल्या मुलांत पंधरा वर्षांचा दीदार झमान. बंगाली मुसलमान घरातला, तोंडात रॅप खेळवणारा पोरगा.

ही संस्था जरा समजून घेण्यासारखी आहे. १९८३ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिथल्या शिकवण्यामागचे डोके होते जॉन स्टीव्हन्स या जॅझ ड्रमवादकाचे. स्वरलिपी येत नाही, वाद्य कधी हातात धरलेले नाही, अशा माणसालाही पहिल्या दिवसापासून इतरांबरोबर वाजवता आले पाहिजे, हा त्याचा हट्ट. त्यासाठी त्याने साधे साधे पाठ तयार केले. एका पाठात प्रत्येकाने आपल्या वाद्यातून निघेल तेवढा छोटा आवाज काढायचा, नुसता एक टिचका, आणि इतरांचे टिचके ऐकत राहायचे. दुसऱ्यात एकच सूर आपल्या श्वासाच्या लांबीएवढा धरायचा. प्रत्येकाचा श्वास वेगळा, त्यामुळे सूर आपोआप एकमेकांत मिसळत आणि सुटत जातात. नवखा आणि उस्ताद एका गोलात बसून हे करू शकतात आणि कुणी कुणाच्या पुढे नसतो. हे सगळे त्याने १९८५ मध्ये पुस्तकरूपाने मांडले.

बी.एड.ला आम्हाला पाठाचे टाचण काढायला शिकवत. उद्दिष्ट, प्रस्तावना, विषयप्रतिपादन, मूल्यमापन. मी अनेक टाचणे काढली. 'इतरांचे ऐकणे' हे उद्दिष्ट मी एकदाही लिहिले नव्हते. आमच्या शाळांतली संगीताची तासिका म्हणजे पाहुणे आले की स्वागतगीत आणि स्नेहसंमेलन जवळ आले की धावपळ. त्यातही आवाज चांगला असलेली चार मुले पुढे, बाकीचे टाळ्या वाजवायला. फॅरिंग्डनच्या त्या खोलीत सगळे गोलात होते.

कार्यशाळा संपली. त्या तिघांनी मात्र ठरवले की हे इथेच सोडायचे नाही. वर्णद्वेषविरोधी सभांत, कार्यक्रमांत वाजवायला त्यांनी एक साउंड सिस्टिम उभी केली. नावे घेतली डॉक्टर दास, पंडित जी आणि मास्टर डी. पदव्यांची ही गंमत मला फार आवडते. पंधरा वर्षांचा विद्यार्थी 'मास्टर' आणि त्याला शिकवणारा 'डॉक्टर', दोघे एकाच मंचावर. दुसऱ्या वर्षी गिटारवादक स्टीव्ह चंद्रा सावले येऊन मिळाला. (हे आडनाव मराठी कानाला ओळखीचे वाटते, मीही चमकलो होतो.) तो गिटारच्या सगळ्या तारा एकाच सुरात लावायचा आणि कधी कधी सुरीने वाजवायचा. पुढे तंत्र सांभाळणारा सन-जे आणि नाचणारा बबल-ई आले. संच पूर्ण झाला.

आता त्या 'डब'विषयी. हा शब्द जमैकातून आला. तिथल्या ध्वनिमुद्रकांनी तयार गाण्यातून गायकाचा आवाज काढून टाकला, ड्रम आणि बास तेवढे ठेवले आणि त्यात घुमारे भरले. जे उरले ते डब. नव्वदच्या दशकात लंडनच्या क्लबांत जंगल नावाचा नाच-ठेका आला. जुन्या रेकॉर्डवरचा काही सेकंदांचा ड्रमचा तुकडा उचलायचा, त्याची खांडोळी करायची, मिनिटाला एकशेसाठच्या पुढे पळवायचा आणि खाली बास मात्र निम्म्या वेगाने चालू ठेवायचा. पाय बासबरोबर, छाती ड्रमबरोबर. आमची कॅसेट बिघडलेली नव्हती, ती अशीच होती! एशियन डब फाउंडेशनने या दोहोंत तबला, ढोल आणि त्या गिटारीची सतारीसारखी झणझण मिसळली, वर दीदारचा भरधाव रॅप. खरी मिरवणूक. थोडा वेळ ऐकले की शांत बसणे कठीण.

पहिला अल्बम 'फॅक्ट्स अँड फिक्शन्स' १९९५ मध्ये आला. त्यात 'रिबेल वॉरियर' नावाचे गाणे आहे आणि त्याचा आधार आहे काझी नझरुल इस्लाम यांची 'बिद्रोही'. ही कविता १९२२ च्या जानेवारीत कोलकात्यात छापली गेली तेव्हा नझरुल बावीस वर्षांचे होते, नुकतेच पलटणीतून परतलेले. कराचीच्या छावणीत असताना एका पंजाबी मौलवीकडे ते फारसी शिकले होते. त्या एका कवितेत कयामतचा कर्णा फुंकणारा इस्राफील आहे आणि शिवाचा डमरूही आहे, जिब्रील आहे आणि परशुरामाची कुऱ्हाडही. सत्तरेक वर्षांनी पूर्व लंडनच्या रस्त्यावर मार खाण्याची भीती बाळगणारा एक बंगाली पोरगा तीच कविता जंगलच्या ठेक्यावर आपल्या इंग्रजीत बोलतो. इंग्रजी शाळेने त्याला नझरुल शिकवले असतील असे मला वाटत नाही. आपल्याकडच्या उर्दू किंवा मराठी माध्यमाच्या किती मुलांना नझरुल माहीत आहेत, हे मी माझ्या वर्गात विचारून पाहिले. एकही हात वर आला नाही. दोष मुलांचा नाही, माझा आहे. मीच कधी सांगितले नव्हते.

तसेच 'असॅसिन'. हे गाणे उधमसिंग यांच्यावर आहे. जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचा गव्हर्नर असलेल्या मायकेल ओड्वायरला त्यांनी १३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये गोळ्या घातल्या. कोठडीत त्यांनी स्वतःचे नाव राम मोहम्मद सिंग आझाद असे सांगितले होते. ते नाव आणि हा बँड मला एकाच जातकुळीचे वाटतात. दास, पंडित, झमान, सावले. कोण कुठल्या धर्माचा हे त्यांच्या गाण्यांत शोधू गेलात तर हाती काही लागणार नाही. मात्र कुणी मार खाल्ला आणि कुणी मारले, हे स्पष्ट ऐकू येते.

मायदेशात पहिल्या अल्बमकडे फारसे कुणी पाहिले नाही. कान दिला फ्रान्सने. तिथे १९९७ मध्ये त्यांचा दुसरा अल्बम आधी निघाला आणि मग तोच घासूनपुसून १९९८ मध्ये 'रफीज रिव्हेंज' या नावाने ब्रिटनमध्ये आला. प्रायमल स्क्रीम या नावाजलेल्या रॉक बँडने त्यांना आपल्याबरोबर दौऱ्यावर नेले. त्या वर्षीच्या मर्क्युरी पुरस्काराच्या अंतिम यादीत हा अल्बम होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत कॉर्नरशॉपचे आशा भोसलेंवरचे गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले होते. आशियाई संगीत एकदम फॅशनमध्ये आले. फॅशनमध्ये आलेल्या माणसाने गोड बोलावे अशी अपेक्षा असते. यांनी त्या प्रकाशात काय केले, तर 'फ्री सतपाल राम' हे गाणे काढले. सतपाल राम हा बर्मिंगहॅमचा तरुण. १९८६ मध्ये एका रेस्टॉरंटमध्ये झालेल्या हल्ल्यात आपण स्वतःचा बचाव केला, असे त्याचे म्हणणे. न्यायालयाने त्याला खुनासाठी जन्मठेप दिली. हे गाणे क्लबमध्ये वाजू लागले आणि नाचणाऱ्या हजारो पोरांच्या तोंडी एका कैद्याचे नाव गेले. २००२ मध्ये तो सुटला. गाण्यामुळे सुटला असे मी म्हणणार नाही. वकील, कार्यकर्ते वर्षानुवर्षे झटत होते. पण त्याचे नाव विसरले जाऊ नये याची सोय गाण्याने केली.

सगळेच मला पटते असे नाही. याच अल्बममध्ये 'नक्सलाइट' नावाचे गाणे आहे. जोरदार आहे, नाकारत नाही. पण लंडनमध्ये बसून नक्षलवादाचे गाणे करणे आणि गडचिरोलीतल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत बदली होऊन जाणे, यात अंतर आहे. दोन्ही बाजूंच्या बंदुकांमध्ये जगणारा आदिवासी त्या गाण्यात मला दिसत नाही, फक्त बंदूक दिसते. दूरच्या बंडाचे असे आकर्षण आपल्या तरुणांतही असते, म्हणून हे बोलून ठेवतो. २००६ मध्ये त्यांनी इंग्लिश नॅशनल ऑपेराबरोबर लिबियाच्या गद्दाफीवर एक प्रयोग केला. समीक्षकांनी तो धुऊन काढला. त्या खटाटोपाविषयी आणखी काही लिहावे असे नाही.

काही वाचक इथे विचारतील, आणि तुमच्या मनात आलेच असेल, की सर, संगीताचे एवढे कौतुक तुम्ही कशाला करता? दीनमध्ये याला जागा कुठे? उलेमांत याबाबत मतभेद आहेत, जुने आहेत, आणि ते मिटवण्याची माझी लायकी नाही. ज्याला टाळायचे त्याने टाळावे. मी फक्त एवढे पाहतो की बंगालच्या मुसलमानांत बाउल शाह अब्दुल करीम यांची गाणी शेतात, होडीत म्हटली गेली, आणि माणसे विलायतेला गेली तेव्हा ती गाणीही सोबत गेली. कव्वालीचे तर सांगायलाच नको. नुसरत फतेह अली खान यांच्या गायकीवर ब्रिटनमधल्या आशियाई कलाकारांनी १९९७ मध्ये नवे साज चढवले, त्यातला 'ता दीम' एशियन डब फाउंडेशनचा आहे. माझ्या अब्बांना कव्वाली चालायची, सिनेमाची गाणी चालायची नाहीत. त्यांना 'ता दीम' ऐकवले असते तर ते कुठल्या खान्यात टाकले असते, कोण जाणे.

२००० च्या अल्बमला त्यांनी नाव दिले 'कम्युनिटी म्युझिक'. नाव झाल्यावर आपल्या शाळेचे नाव अल्बमवर घालणारे किती कलाकार असतील? त्यातल्या एका गाण्यात इन्स्टिट्यूट ऑफ रेस रिलेशन्सचे ए. शिवानंदन यांचा आवाज आहे. सत्तरी ओलांडलेला एक विचारवंत वंशभेदावर बोलतो आहे आणि खाली बास चालू आहे. एका दुसऱ्या गाण्यात आधीच्या पिढीच्या, गिरण्यांत राबून घरे उभारणाऱ्या आईबापांच्या स्थलांतराची आठवण आहे. बापाविरुद्ध बंड करणारी गाणी पुष्कळ, बापाच्या कष्टांवर नाचायला लावणारी थोडी.

आणि त्यानंतर लगेच, नाव शिखरावर असताना, दीदार बँड सोडून गेला. वय जेमतेम बावीस-तेवीस. सामाजिक हक्कांच्या कामाला वेळ द्यायचा म्हणून. रेकॉर्ड कंपनीच्या दृष्टीने हा घात होता, कारण तोच बँडचा आवाज. मी शिक्षक म्हणून पाहतो तेव्हा मला यात तोटा दिसत नाही. विद्यार्थी कायम आपल्याच मंचावर उभा राहावा, असे वाटणारा शिक्षक जरा तपासून घ्यावा. बँडने १९९८ मध्येच स्वतःची शिक्षणसंस्था काढली होती. जी कार्यशाळा त्यांना मिळाली तशीच पुढच्या पोरांना मिळावी म्हणून. दीदार गेल्यावर मंचावर नवे आवाज आले, ढोल-तबल्याला प्रिथपाल राजपूत आला, आणि बँड चालत राहिला. जॉन पंडित यांना ब्रिटिश सरकारने एमबीई हा किताब देऊ केला, तो त्यांनी नाकारला. २००६ मध्ये डॉक्टर दासही बाहेर पडले. कारण दिले ते साधे: पुन्हा शिकवायचे आहे. २०१३ मध्ये ते परत बँडमध्ये आले, पण मधली सात वर्षे मला त्यांच्या कारकिर्दीतला खड्डा वाटत नाही.

दरम्यान ब्रिटनमध्ये शब्द बदलला होता. २००१ च्या उन्हाळ्यात ओल्डहॅम, बर्नली, ब्रॅडफर्डमध्ये दंगली झाल्या, मग ११ सप्टेंबर झाला, २००५ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत बॉम्ब फुटले. ज्या पोरांना १९९३ मध्ये 'आशियाई' म्हणून मार पडत होता, त्यांना आता 'मुसलमान' म्हणून प्रश्न विचारले जाऊ लागले. पोरे तीच, गल्ली तीच. अशा वेळी समाज स्वतःकडे बोट दाखवू देत नाही. बाहेरचे आधीच टपलेले असताना घरातले कशाला काढायचे, असे आपणही म्हणतो. २००३ च्या 'एनिमी ऑफ द एनिमी' या अल्बममध्ये एकीकडे युरोपने निर्वासितांसमोर उभारलेल्या भिंतींवर गाणे आहे आणि दुसरीकडे 'थाउजंड मिरर्स' आहे, शिनेड ओकॉनरने गायलेले. ते झूरा शाह या पाकिस्तानी वंशाच्या स्त्रीवर आहे. वर्षानुवर्षे छळ करणाऱ्या पुरुषाला मारल्याबद्दल तिला जन्मठेप झाली, १९९८ मध्ये अपील फेटाळले गेले. तिच्या बाजूने साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेच्या बाया उभ्या राहिल्या. म्हणजे बाहेरच्या द्वेषाविरुद्ध आणि घरातल्या जुलमाविरुद्ध गाणे एकाच अल्बममध्ये. एक म्हटले की दुसरे म्हणता येत नाही, हा बहाणा त्यांनी ठेवला नाही. मराठीत लिहिणाऱ्या आम्हा मुसलमानांना ही कसरत रोज करावी लागते आणि आम्ही बहुधा एका बाजूला तरी घसरतोच. मी धरून.

शेवटचे मोठे गाजले ते 'कमिंग ओव्हर हिअर'. विनोदवीर स्ट्युअर्ट ली याचा एक जुना कार्यक्रम होता, त्याचे बोल घेऊन केलेले. 'हे बाहेरचे लोक येतात आणि' या तक्रारीची त्यात खिल्ली आहे. आधी बल्गेरियन आले, त्याआधी पाकिस्तानी-भारतीय आले, त्याआधी फ्रान्सचे ह्यूगनो आले, मग अँग्लो-सॅक्सन, असे मागे मागे जात तो समुद्रातून पहिल्यांदा जमिनीवर सरपटत आलेल्या माशापर्यंत पोचतो. ब्रेक्झिटची मुदत २०२० च्या ३१ डिसेंबरला संपत होती. नेमक्या त्या आठवड्यात चाहत्यांनी हे गाणे इतके विकत घेतले की विक्री-डाउनलोडच्या यादीत ते सर्वांत वर गेले. त्यातल्या ह्यूगनोंवर मी अडकलो. पूर्व लंडनच्या ब्रिक लेनवरची जामे मशीद मुळात त्यांनीच, धर्मछळातून पळून आलेल्या फ्रेंच प्रोटेस्टंटांनी, १७४३ मध्ये बांधलेले प्रार्थनाघर. नंतर ते मेथॉडिस्टांकडे गेले, १८९८ मध्ये यहुद्यांचे सिनेगॉग झाले, १९७६ मध्ये मशीद. विटा त्याच. ली माशापर्यंत गेला. त्या एका इमारतीपाशी थांबला असता तरी चालले असते.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बोलावले. तो आधीच रडवेला, मोबाइल जप्त होणार या भीतीने. मी विचारले, भाजीवाल्याची हाक कुठून घेतलीस? म्हणाला, "खिडकीतून, सर. चाचांना माहीत नाही." आधी त्यांना विचारून ये, म्हटले, आणि ऐकवूनही ये. रात्री अकराला मोबाइल अम्मीकडे द्यायचा, हेही ठरले. तीन मुले आणखी घेऊन शनिवारी शाळा सुटल्यावर ये, म्हटले. टिचक्यांचा तो पाठ मला एकदा करून बघायचा आहे. वाद्ये नाहीत. कंपासपेट्या आहेत.